'हॅड' लिहिलं आणि गिऱ्हाईक बुचकळ्यात पडलं

ताई, सप्रेम नमस्कार.

मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात इंजिनिअर आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे डिप्लोमा. बोलण्यापुरतं इंग्रजी निभावतं, पण लिहायला बसलो की घाम फुटतो. आमचं एक गिऱ्हाईक जर्मनीत आहे. त्यांना पाठवलेल्या ब्रॅकेटमधली भोकं जागेवर नव्हती. वेल्डिंग करताना भाग जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्याची, म्हणजे फिक्स्चरची, लोकेटिंग पिन झिजली होती. आम्ही पिन बदलली आणि एट-डी रिपोर्ट, म्हणजे दोष, त्याचं कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत मांडणारा अहवाल, पाठवला. त्यात मी लिहिलं, 'वुई हॅड रिप्लेस्ड द लोकेटिंग पिन.' तिकडून उलट प्रश्न आला: पिन दोष यायच्या आधी बदलली होती की नंतर? आणि आज फिक्स्चरवर नवी पिन आहे का? त्याच रिपोर्टात गेजबद्दल, म्हणजे भाग तपासायच्या मापाच्या साधनाबद्दल, 'द गेज वुड बी मॉडिफाइड बाय ३० जून' असं होतं. त्यावर विचारलं, हे कशावर अवलंबून आहे? व्याकरण तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने दोन्ही वाक्यं पास केली होती. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, 'टेन्स येत नाही तर रिपोर्ट कशाला लिहितोस?'

आणखी एक. गिऱ्हाइकाच्या कागदात 'इट इज एसेन्शिअल दॅट द टॉर्क बी चेक्ड एव्हरी टू अवर्स' असं वाक्य होतं. मला वाटलं छपाईची चूक आहे, म्हणून आमच्या कंट्रोल प्लॅनमध्ये (काय, कधी तपासायचं याच्या कागदात) मी 'बी'चं 'इज' केलं. ते बरोबर की चूक? बारा टेन्सचा तक्ता पुन्हा पाठ करू, की संध्याकाळचा क्लास लावू? फी बरीच आहे.

— गोंधळलेला, चाकण

नमस्कार.

आधी तातडीचं काम उरकू. गिऱ्हाइकाला आजच्या आज तीन वाक्यांचं स्पष्टीकरण पाठवा. 'वुई रिप्लेस्ड द लोकेटिंग पिन ऑन...', पुढे खरी तारीख, आणि 'आफ्टर द डिफेक्ट वॉज रिपोर्टेड.' दुसरं, 'द न्यू पिन हॅज बीन इन यूज सिन्स देन.' तिसरं, 'द गेज विल बी मॉडिफाइड बाय ३० जून.' माफीचे दोन परिच्छेद जोडू नका. त्यांना तुमच्या इंग्रजीशी काही देणंघेणं नाही, पिन बदलली की नाही एवढंच हवं आहे.

आता साहेबांचं बोलणं. सगळ्यांसमोर बोलले ते चुकलंच, पण निदानही चुकलं. तुम्हाला टेन्स येतो. 'हॅड रिप्लेस्ड' हे क्रियापदाचं रूप अचूक आहे, 'वुड बी मॉडिफाइड' हेही अचूक. म्हणून तर सॉफ्टवेअरने लाल रेघ मारली नाही. त्याला वाक्य दिसतं, फिक्स्चर दिसत नाही. पिन बदलली, बदलणार आहोत की बदलून पुन्हा जुनीच बसवली, यातलं खरं काय हे त्याला कुठून कळणार? हल्ली वाक्यं 'सुधारून' देणारी जी नवी साधनं निघाली आहेत त्यांच्याबाबत तर जास्तच जपून राहा. ती वाक्य गुळगुळीत करण्याच्या नादात 'विल बी'चं 'हॅज बीन' करू शकतात, आणि न केलेलं काम तुमच्या सहीने झालेलं दिसतं. एवढी एक गोष्ट डोक्यात बसली की निम्मं काम झालं: तुमच्या रिपोर्टात काळ म्हणजे कामाची स्थिती. पिनचा व्यास चुकीचा लिहिणं आणि टेन्स चुकीचा लिहिणं यात काडीचा फरक नाही.

मग चुकतं कुठे? आपल्या 'होता'त.

मराठीत आपण किती सहज म्हणतो, 'मी मागच्या आठवड्यात मेल केला होता', 'काल तो येऊन गेला होता', 'आम्ही पिन बदलली होती'. यातल्या 'होता'ला सोबतीला दुसरी घटना लागत नाही. गोष्ट जरा मागे घडली आहे, किंवा 'आम्ही आमचं केलं होतं, पुढचं तुम्ही बघा' असा किंचित तक्रारीचा सूर आहे, एवढ्यावर आपलं 'होता' समाधानी असतं. इंग्रजी 'हॅड' तसं नाही. ते आलं की वाचणारा दुसरी घटना शोधू लागतो: कशाच्या आधी? भूतकाळातल्या एका क्षणावर उभं राहून त्याच्याही मागे पाहायचं असेल, तेव्हाच ते वापरतात. तुमच्या रिपोर्टात भूतकाळातला ठळक क्षण एकच, दोष आला तो. त्यामुळे 'वुई हॅड रिप्लेस्ड' वाचून त्या माणसाने सरळ अर्थ लावला की दोष यायच्या आधीच पिन बदलली होती. म्हणजे नवी पिन असूनही भोकं सरकली! तुमचं रूट कॉजच, म्हणजे दोषाचं सांगितलेलं मूळ कारणच, कोसळलं. त्याने प्रश्न विचारले म्हणून बरं. मुकाट्याने ऑडिट लावलं असतं तर?

एकाच पिनवर तीन रूपं लावून बघा.

'वुई रिप्लेस्ड द पिन ऑन मंडे.' झालं, संपलं, तारीख हातात आहे. साधा भूतकाळ. कारखान्यातल्या लिखाणाचा बहुतेक भार हाच उचलतो, आणि आपण नेमके यालाच कमी लेखतो. काहीतरी भारदस्त लिहिल्यासारखं वाटावं म्हणून 'हॅड' आणि 'हॅव' जोडत सुटतो.

'वुई हॅव रिप्लेस्ड द पिन.' बदलली आहे, आणि आत्ता, तुम्ही हे वाचताय त्या घडीला, नवी पिन जागेवर आहे. कधी बदलली हा मुद्दा नाही, आज काय आहे हा मुद्दा. म्हणूनच याच्याबरोबर 'यस्टरडे', 'लास्ट वीक', 'ऑन मंडे' बसत नाही. मराठीत 'मी कालच मेल पाठवला आहे' हे अगदी शुद्ध वाक्य आहे. 'काल' आणि 'आहे' एका वाक्यात सुखाने नांदतात. त्यावरूनच 'आय हॅव सेंट द मेल यस्टरडे' तयार होतं. इंग्रजीत एकाची निवड करावी लागते. तारीख द्यायची असेल तर 'हॅव' काढा, 'हॅव' ठेवायचं असेल तर तारीख काढा.

'व्हेन दीज पार्ट्स वेअर वेल्डेड, द पिन हॅड ऑलरेडी वॉर्न.' इथे मात्र 'हॅड' अगदी जागच्या जागी आहे. वेल्डिंग झालं त्या क्षणाच्या आधीच पिन झिजलेली होती. दोन घटना आहेत, एक दुसरीच्या आधीची आहे, आणि तो आधीपणा हेच दोषाचं कारण आहे. तुमच्या सगळ्या रिपोर्टात 'हॅड'ची खरी जागा कुठे असेल तर ती रूट कॉजच्या परिच्छेदात. बाकी ठिकाणी 'हॅड' दिसला की स्वतःलाच विचारा, 'कशाच्या आधी?' उत्तर सापडलं नाही तर खोडा.

तुम्ही एट-डीचं काम करता हे तुमच्या पथ्यावर पडणारं आहे, कारण त्या पद्धतीच्या पायऱ्या काळांवरच बेतल्यासारख्या आहेत. फोर्ड कंपनीने १९८७ साली तिची पुस्तिका काढली. ती करणाऱ्यांच्या मनात व्याकरण नसणार, पण रिपोर्ट भरून बघा. डी-२ म्हणजे दोषाचं वर्णन, तिथे साधा भूतकाळ: किती नग सापडले, कोणी पाहिले, कुठल्या बॅचचे होते. डी-३ ही तात्पुरती आडकाठी. माल अडवला असेल तर 'हॅव क्वारंटाइन्ड', अजून शंभर टक्के तपासणी चालू असेल तर 'आर इन्स्पेक्टिंग'. डी-४ मध्ये कारण, म्हणजे भूतकाळ आणि त्यामागचा 'हॅड'. आणि मग येतात डी-५ आणि डी-६. डी-५ म्हणजे कायमचा उपाय निवडला, डी-६ म्हणजे तो अमलात आणला. या दोन पायऱ्यांत उपाय एकच, बदलतो फक्त काळ! 'वुई विल रिप्लेस' डी-५ मध्ये, 'वुई हॅव रिप्लेस्ड' डी-६ मध्ये. डी-६ च्या रकान्यात 'विल' दिसलं की जाणकार माणूस ताबडतोब ओळखतो की पायरी अजून चढलेली नाही, रकाना नुसता भरला आहे. तेव्हा रकाना भरण्याआधी लाइनवर एक चक्कर मारून या, मग क्रियापद निवडा.

'वुड'चं दुखणं वेगळं आहे. आपल्याकडे कुणीतरी कधीतरी शिकवून ठेवलं की 'वुड' हे 'विल'पेक्षा सभ्य. 'वुड यू प्लीज सेंड' मध्ये ते खरंही आहे. विनंती करताना 'वुड' मऊ लागतं. पण स्वतःच्या कामाबद्दल सांगताना तेच 'वुड' वाक्याला अटीवर टांगून ठेवतं. 'द गेज वुड बी मॉडिफाइड' म्हणजे गेज बदललं गेलं असतं, किंवा बदललं जाईल पण काहीतरी झालं तर. म्हणून त्यांनी विचारलं, कशावर अवलंबून आहे. त्यांच्या बाजूने प्रश्न रास्त आहे. 'आय वुड बी ऑन लीव्ह टुमॉरो' या मेलचंही तेच. रजा नक्की आहे ना? मग 'विल'. खरोखरच अट असेल, समजा सुटा भाग वेळेवर येण्यावर काम अडलंय, तर 'वुड'च्या आड लपू नका, अट उघड लिहा: 'इफ वुई रिसीव्ह द इन्सर्ट बाय २० जून, वुई विल मॉडिफाय द गेज बाय ३० जून.'

या वाक्यात 'इफ'च्या बाजूला 'विल' नाही, हे बघितलंत? 'इफ वुई विल रिसीव्ह' लिहायचा मोह आपल्याला होतो, कारण गोष्ट पुढे घडायची आहे. खरं तर मराठीनेही इथे भविष्यकाळ वापरलेला नाही. 'सुटा भाग वेळेवर आला तर' असं आपण म्हणतो, चक्क भूतकाळी रूप. पुढच्या गोष्टीसाठी! म्हणजे अट सांगताना काळ बदलून घ्यायची सवय आपल्या जिभेला आहेच, इंग्रजीत फक्त 'आला'च्या जागी वर्तमानकाळ टाकायचा. 'व्हेन', 'अंटिल', 'ॲज सून ॲज' यांचंही तसंच. वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये तर दोन्हीकडे साधा वर्तमान ठेवा: 'इफ द सेन्सर डिटेक्ट्स नो पार्ट, द मशीन स्टॉप्स.'

घडून गेलेल्याची अट मात्र जरा निराळी आहे, आणि तुमच्या धंद्यात ती टळत नाही, कारण दोष सुटला कसा याचं उत्तर तिथेच द्यावं लागतं. 'ऑपरेटरने तपासलं असतं तर दोष सापडला असता.' मराठीत दोन्ही बाजूंना 'असतं'. म्हणून इंग्रजीतही आपण दोन्ही बाजूंना 'वुड हॅव' लावतो: 'इफ द ऑपरेटर वुड हॅव चेक्ड...' अमेरिकेत बोलताना असं ऐकू येतं, पण लिहिताना नको. 'इफ द ऑपरेटर हॅड चेक्ड द पार्ट, ही वुड हॅव डिटेक्टेड द डिफेक्ट.' अटीकडे 'हॅड', निकालाकडे 'वुड हॅव'.

'सिन्स'बद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते, कारण पुढच्या रिपोर्टात ते येणारच. 'मशीन तीन आठवड्यांपासून व्यवस्थित चालतंय' याचं आपण 'द मशीन इज रनिंग वेल सिन्स थ्री वीक्स' करतो. हवं ते 'द मशीन हॅज बीन रनिंग वेल फॉर थ्री वीक्स'. मुदत असेल तर 'फॉर', सुरुवातीची तारीख किंवा घटना असेल तर 'सिन्स'. दोन्हीकडे 'हॅज बीन'. यात मनाला बरं वाटण्यासारखं काही असेल तर ते असं की जर्मन माणसंही इंग्रजी लिहिताना नेमकं इथेच घसरतात. त्यांच्या भाषेतही 'मी तीन वर्षांपासून इथे काम करतो' याला आपल्यासारखाच साधा वर्तमानकाळ चालतो, आणि 'काल'च्या जोडीला 'हॅव'सारखं रूपही बिनदिक्कत येतं. त्यामुळे 'हॅव सेंट यस्टरडे' लिहिलंत तर तिकडचा माणूस बहुधा अडखळणारही नाही. 'हॅड'वर मात्र तो अडखळणारच, कारण त्या बाबतीत त्यांची भाषा इंग्रजीसारखी चालते: दुसऱ्या घटनेच्या आधीचंच सांगते.

आता तुमचा 'बी'. ती छपाईची चूक नव्हती.

शाळेत आपण आख्यातांचे अर्थ शिकलो होतो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. परीक्षा झाली आणि विसरलो. पण 'टॉर्क तपासला जातो' आणि 'टॉर्क तपासला जावा' यातला फरक तुम्ही झोपेतही सांगाल. पहिली माहिती आहे, दुसरी अपेक्षा. इंग्रजीने हा विध्यर्थ बहुतेक ठिकाणी गमावला, तरी मागणी, शिफारस, आग्रह, आवश्यकता यांच्या मागून येणाऱ्या 'दॅट'नंतर तो अजून शिल्लक आहे, आणि तिथे क्रियापद मूळ रूपात उघडंच बसतं. 'दॅट द टॉर्क बी चेक्ड', 'दॅट द ऑपरेटर वेअर ग्लव्ह्ज', 'दॅट ही अटेंड द ट्रेनिंग'. 'वेअर्स' नाही, 'अटेंड्स' नाही. मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं तरी हे हलत नाही: 'द कस्टमर रिक्वेस्टेड दॅट द गेज बी मॉडिफाइड.' नकार असेल तर 'नॉट बी'. ब्रिटिश वळणाने लिहिणारे इथे पुष्कळदा 'शुड बी' घालतात, तेही चालतं. तुमच्याकडे येणाऱ्या कागदांत 'बी' भेटला तर दचकू नका, एवढंच.

तुम्ही 'इज' केलंत त्याने अनर्थ झाला का? या वाक्यात नाही, कारण 'एसेन्शिअल' हा शब्द अपेक्षा आधीच सांगून टाकतो. तरी ते पूर्ववत करा. गिऱ्हाइकाची अट आपल्या कागदात उतरवून घेताना तिच्या शब्दांना हात लावायचा नसतो, मग ते आपल्याला कितीही विचित्र वाटोत. पण त्याच जागी 'इन्सिस्ट' असतं तर? 'वुई इन्सिस्ट दॅट द टॉर्क बी चेक्ड' म्हणजे तपासला जावा असा आमचा आग्रह आहे. 'वुई इन्सिस्ट दॅट द टॉर्क इज चेक्ड' म्हणजे तपासला जातोच, असं आम्ही ठासून सांगतो. पहिल्यात गिऱ्हाईक मागणी करतंय, दुसऱ्यात पुरवठादार स्वतःची बाजू मांडतोय. एका 'बी'ने बोलणारा माणूसच बदलला.

मागणीचंच निघालं आहे तर 'शॅल'. तुमच्या टेबलावर आयएसओ ९००१ आणि आयएटीएफ १६९४९ ही गुणवत्तेची मानकं असणार. त्यांत ओळीओळीला 'शॅल' आहे: 'द ऑर्गनायझेशन शॅल...' शाळेत सांगितलं होतं की 'आय' आणि 'वुई'च्या पुढे 'शॅल', बाकीच्यांपुढे 'विल', आणि दोन्ही भविष्यकाळ. या कागदांत तो नियम विसरा. तिथे 'शॅल' म्हणजे बंधन, 'शुड' म्हणजे शिफारस, 'मे' म्हणजे परवानगी, 'कॅन' म्हणजे शक्यता किंवा क्षमता. हे वाटप मानकातच नमूद केलेलं आहे. कायद्याच्या भाषेतही 'शॅल'ला असंच वजन असतं. आपल्या राज्यघटनेचं ५२ वं कलम बघा: 'देअर शॅल बी अ प्रेसिडेंट ऑफ इंडिया.' राष्ट्रपती पुढे कधीतरी होईल असं भाकीत त्यात नाही; असलाच पाहिजे, असं आहे. तेव्हा मानकातल्या 'शॅल'चं तुमच्या प्रोसिजरमध्ये 'शुड' करू नका. ऑडिटर नेमका त्यावर बोट ठेवेल, कारण तुम्ही बंधनाची शिफारस करून टाकलीत. उलट स्वतःच्या रोजच्या मेलमध्ये 'शॅल' शक्यतो नको. 'आय शॅल सेंड' यात चूक काही नाही, पण कोर्टाच्या नोटिशीचा वास येतो.

एक धोक्याची जागा मीटिंगचे मिनिट्स. आपला सप्लायर सांगतो, 'मी उद्या माल पाठवतो', आणि आपण मराठीत बिनचूक म्हणतो, 'सप्लायर म्हणाला की मी उद्या माल पाठवतो.' बोलणाऱ्याचं वाक्य आपण जसंच्या तसं ठेवतो, 'मी'सुद्धा त्याचाच. हेच इंग्रजीत उतरलं तर 'द सप्लायर सेड दॅट आय विल सेंड द मटेरिअल टुमॉरो' होतं, आणि वाचणारा समजतो की माल तुम्ही पाठवणार! 'आय'चं 'ही', 'विल'चं 'वुड', आणि 'टुमॉरो'च्या जागी सरळ तारीख. इथला 'वुड' मात्र अगदी योग्य. मघाशी तुम्हाला त्याच्यापासून दूर ठेवलं म्हणून त्याला वाळीत टाकू नका.

क्रियापदांच्या रूपांबद्दल थोडक्यात. 'गो-वेंट-गॉन'ची शाळेतली यादी पुन्हा घोकत बसू नका. तुमच्या शॉप फ्लोअरवरची क्रियापदं वेगळी आहेत आणि ती त्या यादीत सहसा नसतात. 'ग्राइंड'चं 'ग्राउंड', 'ग्राइंडेड' नाही. 'कास्ट' तिन्ही रूपांत 'कास्ट'. 'कास्टेड' हा आपल्याकडच्या रिपोर्टांतला कायमचा पाहुणा आहे. 'सेट', 'कट', 'शट' हेही तसेच न बदलणारे. 'वेअर-वोअर-वॉर्न', 'फीड-फेड-फेड', 'बेंड-बेंट-बेंट', 'स्पिन-स्पन-स्पन'. रूट कॉज 'वॉज फाउंड', 'फाउंडेड' नव्हे. 'फाउंडेड' संस्था होतात. 'धिस लेड टू क्रॅक्स' लिहिताना 'लेड'चं स्पेलिंग एल-ई-डी, मध्ये 'ए' नाही. तो 'ए' घुसला की शिसं होतं, आणि धातूच्या धंद्यात शिसं उगाच कुठेही सांडू नये. 'डिड' आला की पुढचं क्रियापद मूळ रूपात: 'डिड नॉट रिसीव्ह'. आणि दोन जुने सोबती कायमचे निरोप देऊन टाका, 'आय ॲम अग्री' आणि 'कुड नॉट एबल टू'. पहिला आपल्या 'मी सहमत आहे'मधल्या 'आहे'ची करामत. 'आय अग्री' पुरे. दुसऱ्यात 'कुड नॉट' घ्या किंवा 'वॉज नॉट एबल टू', दोघांना एकत्र नको.

बारा टेन्सच्या तक्त्याचं म्हणाल तर भिंतीवरून काढून टाका. त्यात 'विल हॅव बीन रिप्लेसिंग' असला एक रकाना आहे, तो भरायची वेळ कारखान्यात कुणावर येते ते मला दाखवा. तुम्हाला लागतात पाच-सहा रूपं: 'रिप्लेस्ड', 'हॅव रिप्लेस्ड', 'आर रिप्लेसिंग', 'विल रिप्लेस', कधीमधी 'हॅड रिप्लेस्ड' आणि 'हॅव बीन रनिंग'. पाठांतरापेक्षा एक वेगळा उद्योग करा. तुम्ही पाठवलेले जुने रिपोर्ट काढा आणि फक्त क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघ मारत जा. बाकी शब्द वाचूच नका. प्रत्येक क्रियापदापाशी विचारायचं: झालं, चाललंय, की व्हायचंय? समासात मराठीत तेवढंच लिहायचं. मग पाहायचं, इंग्रजी रूप तेच म्हणतंय का. कुठे बिनसतं ते एक-दोन बैठकांत आपोआप दिसू लागेल, आणि मला खात्री आहे की बहुतेक जागा 'हॅड', 'वुड' आणि 'सिन्स'च्याच निघतील.

साहेबांशी या विषयावर वाद घालू नका. पुढचा रिपोर्ट सहीला नेताना डी-५ आणि डी-६ समोरासमोर ठेवा आणि विचारा, 'सर, हे झालंय की व्हायचंय, एवढं कन्फर्म करा.' काळ ठरवायची जबाबदारी त्यांच्यावरही थोडी पडू दे. लाइनवर काय झालं हे त्यांना तुमच्याइतकंच माहीत असायला हवं.

क्लासचं शेवटी. मुलाखतींसाठी, बोलण्याची भीड चेपावी म्हणून लावायचा असेल तर जरूर लावा. रिपोर्टसाठी म्हणून पैसे भरणार असाल तर पहिल्याच दिवशी स्वतःच्या एट-डीचं एक पान, कंपनीची आणि गिऱ्हाइकाची नावं खोडून, बरोबर न्या आणि शिकवणाऱ्यापुढे ठेवा. ते वाचून बाईंनी किंवा सरांनी 'ही पिन नक्की कधी बदलली?' असं विचारलं तर फी भरा. 'आधी आपण नाउनपासून सुरुवात करू' म्हणाले, तर चहा घेऊन परत या.